अहवाल येईपर्यंतचे ११ दिवस : सोलापुरातील एका जनरल वॉर्डमधील औषध-प्रतिरोधक क्षयरोग

रुग्ण, कर्मचारी आणि रुग्णालय यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. निर्णय कोणत्या क्रमाने झाले आणि का झाले, तेवढे जसेच्या तसे ठेवले आहे.

पार्श्वभूमी

सोलापूर शहरातले हे सुमारे दीडशे खाटांचे धर्मादाय रुग्णालय. शहराच्या पूर्व भागातले यंत्रमाग कामगार, विड्या वळणाऱ्या बायका, अक्कलकोट, मोहोळ, तुळजापूरकडचे शेतकरी आणि सीमेपलीकडून इंडी, विजयपूरकडून येणारे लोक हा इथला नेहमीचा रुग्णवर्ग. क्षयरोगासाठी वेगळा वॉर्ड नाही. निदान झाले की रुग्ण सरकारी केंद्राकडे पाठवायचा, अशी पद्धत. त्यामुळे डॉक्टरांपासून मावशींपर्यंत सगळ्यांचा एक समज पक्का होता : ‘आपल्याकडे टीबीचे पेशंट ठेवतच नाहीत.’ एन-९५ मास्क भांडारात होते, पण वॉर्डात कोणी वापरत नव्हते. या प्रकरणाचे मूळ त्या समजात आहे. निदान होऊन परिणामकारक औषध सुरू झालेल्या रुग्णापेक्षा, ज्याच्यावर अजून कोणाला संशयच आलेला नाही तो खोकणारा रुग्ण कितीतरी जास्त धोकादायक असतो, आणि तो टीबी वॉर्डात नसतो.

पुरुषांचा मेडिसिन वॉर्ड १४ खाटांचा. लांबी १२ मीटर, रुंदी साडेसहा, उंची साडेतीन, म्हणजे २७३ घनमीटर हवा. इमारत जुनी, पश्चिमेला लांब व्हरांडा. धूळ येते म्हणून काही वर्षांपूर्वी व्हरांडा काचांनी बंद केला आणि वॉर्डाच्या लाकडी खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या बसवल्या. पूर्वेच्या चार खिडक्यांपैकी एका खिडकीपुढे कपाट, दुसरीत बंद पडलेला कूलर. एप्रिलचे दिवस, दुपारी पारा ४२ अंशांवर; उरलेल्या दोन खिडक्यांनाही पुठ्ठे लावलेले. रात्री डासांमुळे त्या बंदच. बंदिस्त व्हरांड्यात नातेवाईक चटया टाकून झोपत.

काय घडले

शनिवारी संध्याकाळी ४६ वर्षांचा यंत्रमाग कामगार दाखल झाला. शुगर ४०० च्या वर, ताप, तीन आठवड्यांचा खोकला, वजन घटलेले. एक्स-रेमध्ये उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात सावली. ‘मधुमेह आणि न्यूमोनिया’ असे निदान लिहिले गेले. क्षयाची सावली वरच्या भागात असते हे सगळ्यांच्या डोक्यात घट्ट बसलेले असते; पण मधुमेही रुग्णात ती खालच्या भागात दिसणे नवल नाही.

केस पेपरवर ‘पूर्वी टीबी : नाही’ अशी नोंद होती. विचारले तेव्हा पुतण्या सोबत उभा होता आणि ‘नाही’ त्यानेच सांगितले.

तिसऱ्या दिवशी बेडक्याची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी झाली. अहवाल निगेटिव्ह. प्रयोगशाळेच्या वहीत नमुन्यापुढे ‘लाळेसारखा’ असा शेरा होता. तो शेरा वॉर्डापर्यंत पोहोचला नाही, निगेटिव्ह हा शब्द तेवढा पोहोचला. चौथ्या दिवशी प्रतिजैविक बदलून लेव्होफ्लॉक्सासिन सुरू केले. ताप उतरला, रुग्ण जेवू लागला, सगळ्यांना हायसे वाटले. आठव्या दिवशी ताप परत आला. या सगळ्या काळात छातीत घरघर म्हणून त्याला दिवसातून चार वेळा खाटेवरच नेब्युलायझरची वाफ दिली जात होती, आणि प्रत्येक वाफेनंतर खोकल्याची मोठी उबळ येत होती.

नवव्या दिवशी छातीरोगतज्ज्ञांनी रुग्ण पाहिला. त्यांनी पुतण्याला बाहेर पाठवले आणि बायकोला विचारले, “ताई, ह्यांनी कधी अशा गोळ्या घेतल्या होत्या का, की लघवी केशरी व्हायची?” ती लगेच म्हणाली, “घेतल्या होत्या की. चार वर्षं झाली. बरं वाटलं म्हणून चार महिन्यांत सोडल्या.”

दहाव्या दिवशी पहाटेचा, खोलवरून काढलेला बेडका सीबीनॅट या जनुकीय चाचणीसाठी गेला; ती क्षयाचे जंतू आणि रिफाम्पिसिनला प्रतिरोध दोन्ही एकदम दाखवते. अकराव्या दिवशी दुपारी अहवाल : क्षयाचे जंतू आढळले, रिफाम्पिसिनला (क्षयावरच्या एका मुख्य औषधाला, लघवी केशरी होते ती त्यानेच) प्रतिरोध आढळला, म्हणजे ते औषध या जंतूवर चालत नाही.

अहवाल आल्या दिवशीचे निर्णय

औषध-प्रतिरोधक क्षयाच्या सरकारी केंद्रात दुसऱ्या दिवशी सकाळी खाट मिळणार होती. प्रश्न एका रात्रीचा होता, आणि वॉर्डात घबराट पसरली होती.

पहिली सूचना आली ती त्याला वातानुकूलित खासगी खोलीत हलवण्याची. ती नाकारली, हे बरे झाले. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच हवा थंड करून फिरवत राहतो; जंतू साठत जातात आणि खोलीत शिरणाऱ्या प्रत्येक सिस्टरच्या वाट्याला ते जास्त येतात. तळमजल्यावर समोरासमोर खिडक्या असलेली जुनी साठवणीची खोली होती. ती तासाभरात रिकामी केली, दोन्ही खिडक्या उघडल्या, दार बंद ठेवले. रुग्णाला साधा सर्जिकल मास्क आणि आत जाणाऱ्याला एन-९५ हा नियम तिथे पहिल्यांदा नीट पाळला गेला. त्याआधी कोणीतरी रुग्णालाच झडपेचा एन-९५ बांधला होता. झडपेतून श्वास गाळणीविना बाहेर पडतो. रुग्णाला तो घालून काहीच साधत नाही, शिवाय दम लागलेल्या माणसाला त्याचा त्रास होतो.

दुसरी मागणी होती वॉर्ड रिकामा करून धुरी देण्याची. त्यावर बराच वेळ गेला. क्षय हवेतून पसरतो. चादरी, ताट-वाटी, फरशी यांच्यातून पसरत नाही. बोलताना-खोकताना उडालेल्या बारीक तुषारांतले जंतू तासन्‌तास हवेत तरंगतात, आणि ती हवा श्वासावाटे आत गेली तरच लागण होते. रुग्ण बाहेर पडल्यावर हवा बदलली की काम झाले. ताशी सहा वेळा हवा बदलत असेल तर ९९ टक्के कण जायला ४६ मिनिटे लागतात, बारा वेळा असेल तर २३, आणि दोनच वेळा असेल तर दोन तासांहून जास्त. धुरी ऐवजी सगळ्या खिडक्या उघडून रुग्णांना दोन तास मागच्या अंगणात बसवले. नेहमीची साफसफाई नेहमीसारखीच झाली.

पुढे कोणते पर्याय होते

आठवड्याभरात विश्वस्त, वैद्यकीय अधीक्षक, मेट्रन आणि जिल्हा क्षयरोग केंद्राचे वरिष्ठ उपचार पर्यवेक्षक एकत्र बसले.

ऋण दाबाची (जिची हवा दारातून बाहेर न येता पंख्याने ओढली जाते अशी) विलगीकरण खोली बांधावी, असा विश्वस्तांचा कल होता. बांधून उद्घाटन करता येते, फलक लावता येतो. पण अशा खोलीला ताशी बारा हवाबदल, सतत चालणारा पंखा, गाळण्या बदलण्याचा खर्च आणि दाब रोज तपासणारा माणूस लागतो. वीज गेली किंवा पंख्याचा पट्टा तुटला की ती बंद पेटी होते. आणि मुख्य म्हणजे हा रुग्ण त्या खोलीत गेलाच नसता, कारण पहिले आठ दिवस त्याच्यावर कोणाला संशयच नव्हता.

उघड्या अतिनील नळ्या लावण्याचा प्रस्ताव एका विक्रेत्याने आणला होता. २५४ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश क्षयाचे जंतू मारतो, हे खरे. पण तो आडोसा असलेल्या दिव्यांतून, साधारण सात फुटांच्या वर, छताखालच्या हवेत सोडायचा असतो, आणि खालची हवा वर जाण्यासाठी पंखा लागतो. उघडी नळी लावली तर डोळे आणि त्वचा भाजते. दिव्यावर धूळ बसली की मारा कमी होतो, पावसाळ्यातल्या दमट हवेतही कमी होतो. तीव्रता मोजायचे यंत्र आणि माणूस नसताना हे घेऊ नये, असे ठरले. तो निर्णय आजही योग्य वाटतो.

उरला तिसरा मार्ग, दिसायला अगदी साधा : खोकणारा शोधा, वेगळा बसवा, लवकर तपासा, आणि त्याच्या जंतूला लागू पडणारे औषध लगेच सुरू करा. यातला शेवटचा भाग बहुतेक ठिकाणी निसटतो. दक्षिण आफ्रिकेत रुग्णांच्या वॉर्डाची हवा गिनीपिगच्या खोलीत सोडून केलेल्या अभ्यासांतून दिसले की परिणामकारक औषध सुरू झाल्यावर रुग्णाची संसर्गक्षमता फार लवकर घटते. पण बहुऔषध-प्रतिरोधक रुग्णाला नेहमीच्या चार गोळ्या सुरू असतील, तर ‘उपचार चालू आहेत’ या भरवशावर सगळे निर्धास्त होतात आणि तो जंतू पसरवतच राहतो. त्याच देशातल्या तुगेला फेरी इथे २००५-०६ मध्ये अतिप्रतिरोधक क्षयाचे ५३ रुग्ण आढळले, त्यातले ५२ दगावले; त्यातल्या बऱ्याच जणांनी त्याआधी रुग्णालयात उपचार घेतले होते.

केलेली कामे : हवा

जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र वापरून आधी हिशेब केला. ०.६५ गुणिले वाऱ्याचा वेग (मीटर प्रति सेकंद) गुणिले समोरासमोरच्या उघड्या जागांपैकी लहान बाजूचे क्षेत्रफळ गुणिले ३६००, भागिले खोलीचे घनफळ. सरकत्या खिडकीचा एक घोटाळा तेव्हा लक्षात आला. १.२ मीटर चौरस खिडकीचे क्षेत्रफळ १.४४ चौरस मीटर, पण सरकती खिडकी कधीच निम्म्याहून जास्त उघडत नाही. उघडणाऱ्या दोन खिडक्यांचे मिळून जेमतेम १.४४. अर्धा मीटर वेगाच्या मंद वाऱ्यात ताशी सहा हवाबदल, माणशी सेकंदाला ३३ लिटर. जनरल वॉर्डासाठी अपेक्षा ६० लिटरची. आणि हा आकडा पुठ्ठे काढल्यावरचा. दुपारी आणि रात्री तो शून्याच्या जवळ होता.

व्हरांड्याच्या काचा काढल्या. पूर्वेच्या चारही खिडक्यांना पूर्ण उघडणारी झडपेची दारे बसवली. व्हरांड्याकडच्या भिंतीतल्या बुजवलेल्या तीन खिडक्या पुन्हा उघडल्या. खाटा १४ वरून १२. लहान बाजू आता ४.३२ चौरस मीटर. त्याच वाऱ्यात ताशी १८ हवाबदल आणि माणशी ११७ लिटर. डासांच्या जाळीमुळे प्रत्यक्षात हे कमी भरते, आणि सोलापूरच्या धुळीने जाळी पंधरा दिवसांत बुजते, म्हणून ती ब्रशने धुण्याची तारीख सिस्टरच्या टेबलावरच्या तक्त्यात टाकली. वारा पडलेल्या रात्री हा सगळा हिशेब कोसळतो. वेग ०.२ वर आला तर माणशी ४७ लिटरच उरतात. त्यासाठी पूर्वेच्या भिंतीत, जिथे मागच्या बाजूला कोणाची ये-जा नाही, दोन एक्झॉस्ट पंखे लावले.

खरा पेच उन्हाळ्याचा. बेचाळीस अंशांत खिडकी उघडी ठेवा म्हणणे हा सल्ला नव्हे, रुग्णाचा छळ आहे. इथे कूलर कामी आला. वॉर्डाच्या आत उभा केलेला कूलर तीच हवा फिरवतो. खिडकीत बसवून मागची बाजू बाहेर ठेवली तर तो बाहेरची कोरडी हवा गार करून आत ढकलतो, म्हणजे थंडावाही मिळतो आणि हवाही बदलते. अट एकच : समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर हवा दारातून जिन्याकडे जाते. कूलर व्हरांड्याच्या बाजूला, एक्झॉस्ट पूर्वेला, त्यामुळे दोघांची दिशा एक. टाकी आठवड्यातून एकदा कोरडी करायची, नाहीतर डेंग्यूच्या अळ्या होतात.

दिशा रोज सकाळी उदबत्तीने पाहतात. दारापाशी, खाटांमध्ये आणि खिडकीपाशी धूर कुठे जातो ते बघायचे आणि तक्त्यावर बाण काढायचा. या बाणांवरून कळले की थंडीत पूर्वेचा वारा सुटला की धूर उलटा व्हरांड्याकडे येतो. म्हणून नातेवाईकांची झोपायची जागा व्हरांड्यातून हलवून अंगणातल्या शेडमध्ये नेली, आणि सिस्टरचे टेबल दक्षिणेच्या टोकाला स्वतंत्र खिडकीच्या खोलीत.

केलेली कामे : माणसे आणि नमुने

केस पेपरच्या खिडकीवरच खोकल्याची चौकशी सुरू झाली. खोकणाऱ्याला मास्क देऊन बाहेरच्या बाकावर बसवायचे आणि आधी आत घ्यायचे. रांगेत पुढे नंबर लागतो म्हटल्यावर लोक खोकला लपवत नाहीत, उलट सांगतात. सूचनेचे फलक मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत लावले, कारण पूर्व भागातल्या अनेक आज्यांना मराठी फलकाचा काही उपयोग नव्हता.

दाखल होणाऱ्या प्रत्येकासाठी केस पेपरवर चार प्रश्न छापले : खोकला किती दिवस, मधुमेह किंवा एचआयव्ही आहे का, घरात कोणाला क्षय होता का, आणि केशरी लघवीच्या गोळ्यांचा प्रश्न. शेवटचे दोन नातेवाइकांना बाजूला करून विचारायचे. मधुमेही रुग्णासाठी दोन आठवड्यांची वाट पाहायची नाही. खोकला असेल तर त्याच दिवशी सीबीनॅट किंवा तशीच ट्रूनॅट चाचणी. दोन्हींचा निकाल यंत्रावर दोन तासांच्या आसपास मिळतो. उशीर होतो तो नमुना न जाण्यात. आधी नमुने आठवड्यातून दोनदा जात. आता रोज सकाळी, रविवार सोडून. दोन ते पाच मिलिलिटर बेडका, उघड्या अंगणात, शौचालयात कधीच नाही. लाळ आली तर प्रयोगशाळेने ‘निगेटिव्ह’ न लिहिता ‘नमुना अयोग्य, पुन्हा पाठवा’ असे वॉर्डाला फोनवर कळवायचे.

अहवाल येईपर्यंत फ्लुरोक्विनोलोन गटाचे (लेव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन यांसारखे) औषध द्यायचे नाही, हा नियम डॉक्टरांना सर्वांत जड गेला. लेव्होफ्लॉक्सासिन न्यूमोनियावर चालते म्हणून हात आपोआप तिकडे जातो. पण ते क्षयाच्या जंतूलाही अर्धवट मारते; ताप उतरतो, निदान लांबते, आणि प्रतिरोधक क्षयावरचे एक मोलाचे औषध हातचे जाऊ शकते.

वाफ वॉर्डात देणे बंद. गरज असेल तिथे स्पेसर (तोंडाशी धरायची पोकळ नळी) लावून पंप, नाहीतर खुल्या व्हरांड्याच्या टोकाला. सिस्टर, मामा, मावशी सगळ्यांना एन-९५ घालून श्वास सोडून कडेने हवा निसटते का ते बघायला शिकवले. दोन्ही पट्टे हवेत, खालचा पट्टा लोंबता ठेवला तर मास्क निरुपयोगी. दाढीवर तो बसत नाही.

संपर्कातल्यांचा शोध आणि निष्पत्ती

रुग्णाची नोंद नि-क्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी पोर्टलवर झाली. लाइन प्रोब (कोणत्या औषधांना प्रतिरोध आहे ते जंतूच्या जनुकांवरून सांगणारी चाचणी) अहवालात फ्लुरोक्विनोलोनला जंतू संवेदनशील निघाले, हे मोठे नशीब. ईसीजी, हिमोग्लोबिन, यकृताच्या तपासण्या करून त्याला बेडाक्विलिन, प्रीटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन हा २६ आठवड्यांचा उपचार सुरू झाला. मधुमेहामुळे पायांची जळजळ आधीच होती आणि लिनेझोलिडनेही नसांना इजा होते, म्हणून दर भेटीला पायांची तपासणी ठरली. उपचार पूर्ण झाले. घरच्यांमध्ये आजार आढळला नाही. बायको आणि मुलांना सहा महिन्यांचे लेव्होफ्लॉक्सासिन प्रतिबंधक म्हणून दिले गेले.

शेजारच्या खाटांवरचे रुग्ण तोवर घरी गेले होते. दोघांचे फोन क्रमांक चुकीचे, एक जण कर्नाटकातला. पत्ता गावापुरताच लिहिलेला. पर्यवेक्षकांनी आशा ताईंकरवी बहुतेकांना गाठले, एक सापडलाच नाही.

कर्मचाऱ्यांच्या तपासणीत एका मामांना क्षय निघाला. दोन महिने खोकला होता. कंत्राटी कामगार, रजा घेतली तर रोज बुडतो, म्हणून बोलले नाहीत. सगळ्यांनी गृहीत धरले की त्या रुग्णापासूनच लागले. अहवाल आला : रिफाम्पिसिनला संवेदनशील. म्हणजे जंतू त्या रुग्णाचा नव्हे. घरून, बाहेरून किंवा याच वॉर्डातल्या, कधीच न पकडलेल्या दुसऱ्या कोणा रुग्णाकडून. विश्वस्तांचे मत खऱ्या अर्थाने त्या दिवशी बदलले. एका पेशंटचा अपघात म्हणून फाइल बंद करता येईना. त्यानंतर कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही क्षयासाठी भरपगारी रजा मिळाली, दर सहा महिन्यांनी लक्षणांची चौकशी आणि गरजेनुसार एक्स-रे सुरू झाला, आणि मधुमेह, गर्भारपण वा इतर कारणाने धोका असलेल्यांना कारण न विचारता दुसरीकडे काम देण्याची सोय झाली.

खोकणाऱ्या रुग्णाचा अहवाल आता बहुधा दुसऱ्या दिवशी हातात असतो.

वेगळे काय करता आले असते

शनिवारी संध्याकाळी. मधुमेह, तीन आठवडे खोकला, घटलेले वजन हे तिन्ही केस पेपरवर लिहिलेले होते. तेवढ्यावर त्याला खिडकीजवळची खाट आणि मास्क देता आला असता; त्यासाठी अहवालाची गरज नव्हती. तिसऱ्या दिवशी ‘लाळेसारखा’ हा शेरा फोनवर कळला असता तर बहुधा आठवडा वाचला असता. संपर्कातल्यांचे पूर्ण पत्ते आणि दुसरा फोन क्रमांक दाखल करतानाच घ्यायला हवे होते, आता घेतात.

अतिदक्षता विभागाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. तिथे आठ खाटा, बंद काचा आणि स्प्लिट एसी. कृत्रिम श्वासावर असलेल्या रुग्णासाठी बंद सक्शन नळी आणि उच्छ्वासाच्या नळीवर जंतुगाळणी वापरतात, टोकाच्या एका खाटेजवळ एक्झॉस्ट पंखा लावला आहे आणि संशयित रुग्ण त्याच खाटेवर ठेवतात. बाहेरची हवा आत आणणारी स्वतंत्र नळीव्यवस्था पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात मागितली आहे.